बंद कुरणातली हरिणी

सकाळचे सात. जंगलाच्या पूर्वेकडचे कुरण. एका तरुण बिबट्याने तिथे एक चितळ हरिणी मारली.

मुलांनो, बिबट्याने हरीण मारले यात बातमी कसली? त्याने काय गवत खायचे? पण त्या दिवसांत हे कुरण बंद होते! हरिणी आपली नुकती जन्मलेली पाडसे तिथल्या उंच गवतात लपवून चरायला जात. म्हणून पाडसे कळपाबरोबर धावू लागेपर्यंत तिथे कुणीही शिकार करायची नाही, असा जंगलाचा नियम होता. वाघापासून रानमांजरापर्यंत सगळ्यांना सारखा. बिबट्याला तो चांगला ठाऊक होता. पण हरिणी कडेला, एकटी, पाठमोरी उभी होती. "कोण बघतंय!" असे म्हणून त्याने झेप घेतली.

शिकार जबड्यात धरून तो सवयीप्रमाणे झाडावर चढला आणि ती बेचक्यात अडकवली. तेवढ्यात खाली टप टप असा आवाज झाला. त्याने वाकून पाहिले. वाळक्या पानांवर पांढरे थेंब पडत होते. दूध! बिबट्याची भूकच मेली. म्हणजे हिचे पाडस अजून गवतातच आहे!

"असू दे की," उरल्यासुरल्याच्या आशेने झाडाखाली येऊन बसलेला कोल्हा म्हणाला. "कुरणातलं रक्त पाहून वानरांनी तिकडे तरसाच्या नावाने बोंब मारलीय. फांद्या फेकून झोडपतायत त्याला. तरसाचं थोबाडच असं आहे, दादा, की पुरावा कुणी मागतच नाही. तुम्ही निवांत जेवा."

"आणि पाडस?"

"ते कुठे बोलणार आहे?"

बिबट्याने झाडावरून उडी टाकली आणि कुरण गाठले. गवताशी येऊन मात्र तो थबकला. शोधायचे कसे? एवढ्याशा पाडसाला वास नसतो. पाऊल वाजले की ते आणखीच जमिनीला चिकटते. ते उठते फक्त हरिणीच्या हाकेला, आणि बिबट्या आसपास असताना एकही हरिणी कुरणात पाय ठेवणार नव्हती. ऊन चढू लागले होते. दुपारपर्यंत दूध मिळाले नाही, तर पाडस तिथेच सुकून मरणार!

तो सुसाट सुटला, थेट नदीकाठच्या कळपाकडे! वानरांनी झाडावरून एकच गलका केला. कळप उधळला.

"थांबा!" बिबट्या जिवाच्या आकांताने ओरडला. "तरसाला सोडा! हरिणी मी मारली. बंद कुरणात, नियम माहीत असताना मारली. तिचं पाडस गवतात आहे. मला हवी ती शिक्षा करा, पण आधी त्याला हाक मारा!"

"वा रे वा!" वानरांचा म्होरक्या वरून म्हणाला. "आईला मारलंस, आता मावश्यांनाही बोलावतोयस होय?"

कळपातली म्हातारी हरिणी पुढे आली. "आम्ही गवतात शिरल्यावर तू कुठे असशील?"

"तुम्ही सांगाल तिथे, आक्का."

"नदीपलीकडच्या त्या उघड्या खडकावर. वानरांच्या डोळ्यांसमोर."

बिबट्या नदी पोहून गेला आणि खडकावर बसला. खडक तव्यासारखा तापला होता. पंजे भाजत होते, पण तो हलला नाही. "शेपूट आवर!" असे वानरे दरडावत राहिली. हरिणी कुरणात शिरल्या. एक हाक गेली. काही नाही. दुसरी. तरीही नाही! त्या आणखी आत गेल्या. कोणत्याही शिकारीसाठी टवकारले नव्हते एवढे कान बिबट्याने टवकारले. आणि गवत हलले! लटपटत्या पायांवर एक ठिपकेदार पाडस उभे राहिले. ज्या हरिणीचे स्वतःचे पाडस नुकतेच दगावले होते, तिने त्याला हुंगले, एकदा ढकलले, पुन्हा हुंगले आणि मग पाजायला घेतले. वानरांनी सगळी झाडे हलवून सोडली!

"आक्का, मला माफ करा," बिबट्या खडकावरूनच म्हणाला.

"मी माफ करणारी कोण?" म्हातारी म्हणाली. "ज्याची आई गेली, ते आत्ता दूध पितंय. मोठं झालं की त्याला विचार. 'नाही' म्हणालं तर तेही ऐकून घे. आज जायचं असेल तर तरसाकडे जा. तुझ्यापायी त्याने मार खाल्लाय."

बिबट्या गेला. तरसाने आधी दात दाखवले, मग सगळे ऐकून घेतले. "वानरांनाही पाठव," एवढेच तो म्हणाला.

संध्याकाळी वाघाने सभा भरवली. बिबट्याने डोंगरापलीकडे जावे आणि पाडसे मोठी होईपर्यंत परत येऊ नये, अशी शिक्षा झाली. बिबट्याने मान खाली घालून ती स्वीकारली.

"हद्दीच्या झाडांवरच्या माझ्या नखांच्या खुणा दिसल्या नाहीत तुला?" वाघ गरजला. कुरण बंद झाले की दरवर्षी ताज्या खुणा करायच्या, हे काम वाघाचे.

"खुणा नव्हत्या, महाराज," बिबट्या म्हणाला. "पण असत्या तर मी थांबलो असतो, असं सांगायला जीभ रेटत नाही."



"एकाही झाडावर नव्हत्या?" म्हातारीने वाघाकडे वळून विचारले. "का नव्हत्या?"

"सभा संपली," वाघ म्हणाला आणि उठून चालता झाला.

तात्पर्य : चूक झाली की कुणी पकडायची वाट न पाहता ती स्वतः सांगावी, वाचवता येईल ते आधी वाचवावे आणि मग माफी मागावी, ती मिळेलच असा हट्ट धरू नये. बिबट्याने हे केले. खुणा का नव्हत्या, हे वाघाने अजून सांगितलेले नाही.