तीन पत्रावळी आणि एक लंगडी आजी

या रानात माझ्याइतका मोठा लेखक आजवर झाला नाही. लिहिणारा मी एकटाच होतो, हेही आत्ताच सांगून टाकतो. नाहीतर साळिंदर मध्येच उठून सांगेल आणि माझी फजिती होईल. तर बाळांनो, ज्या रानाची ही गोष्ट आहे त्या रानात एक कोल्हा राहत असे, आणि तो मीच. शिक्षण म्हणाल तर घुबडगुरुजींच्या शाळेत अडीच इयत्ता. शाळा दिवसा भरे आणि गुरुजी दिवसा झोपत, म्हणून विद्या अर्धीच राहिली. त्या अर्ध्या विद्येवर मी अख्ख्या रानाला शहाणं केलं असं मला बरीच वर्षं वाटत होतं.

तेव्हा आमच्याकडे एक रीत होती. चैत्रात तळं आटायला लागलं की मोहाच्या झाडाखाली बैठक बसे. गव्यांचा कळप ज्या वाटेने पाण्यावर जाई तीच वाट सगळ्या रानाची होई, म्हणून वाट ठरवायचा मान म्हाताऱ्या गव्याचा. ज्याला त्या वाटेबद्दल काही म्हणायचं असेल त्याने आपलं म्हणणं एका पत्रावळीवर लिहून आणायचं. पत्रावळीच्या काठाबाहेर अक्षर गेलं तर ते ऐकलं जात नसे. पळसाची पानं टाचून द्यायला शिंपी पक्षी, खरडायला साळिंदराचा काटा आणि लिहायला मी. वरून मोहाची फुलं टपटप पडायची, अस्वल ती खाऊन पेंगायचं आणि ज्याची पत्रावळ वाचली जाई त्याला दरदरून घाम फुटायचा. काय दिवस होते ते. मोह अजून गळतो, पण त्याच्याखाली आता कुणी कुणाशी भांडत नाही. नुसत्या वासाने काय होणार.

माझी लिहिण्याची पद्धत ठरलेली होती. आरंभी एक सुविचार ठोकायचा. मग ऐकणाऱ्याच्या घशात आवंढा येईल अशी एक छोटी गोष्ट. त्यानंतर तीन सवाल, एकावर एक, समोरच्याला श्वास घेऊ न देता. शेवटी हात जोडून विनंती. हात नसले तर पंख.

त्या वर्षी माझ्याकडे तिघे आले. सशाला वाट आपल्या गवतातून नको होती. साळिंदराला ती आपल्या बिळावरून नको होती. तिसरी टिटवी. तळ्याच्या वरच्या अंगाला, उघड्या मुरमावर तिने चार अंडी घातली होती आणि कळपाची नेहमीची वाट तिथूनच जात होती.

“कोल्होबा, मलाही एक पत्रावळ लिहून द्या,” ती म्हणाली. “मजुरी काय घ्याल?”

हे विचारताना ती अंड्यांवर बसलेली होती. मी आभाळाकडे पाहिलं आणि म्हणालो, “काही नको. तुझं काम मी असंच करीन.” आयुष्यात एवढा संयम मी पुन्हा कधी पाळला नाही.

“नुसतं लिहू नका, त्यांना पटलं पाहिजे,” ती म्हणाली. “पिल्लं बाहेर यायला अजून बारा दिवस आहेत. कळप एक दिवसाआड पाण्यावर येतो, आता परवा येणार. नाही पटलं तर माझं काही उरणार नाही.”

“माझ्याकडे एक गोष्ट आहे,” मी म्हणालो. “ती ऐकून दगडही रडतो.”

खोटं नव्हतं ते. गोष्ट खरोखर चांगली होती, म्हणूनच तर मी ती तिघांनाही दिली.

बैठकीच्या दिवशी आधी ससा उठला. पत्रावळ धरून वाचू लागला, “‘पाणी हेच जीवन. गेल्या वर्षीची गोष्ट. माझी म्हातारी आजी, एका पायाने लंगडी, तहानेने व्याकूळ होऊन पाण्यावर निघाली होती. वाटेत खुरांचा गडगडाट झाला. आजी परत आली नाही.’” अस्वलाचे डोळे भरून आले. मी मागे बसून शेपटी नीट केली.

“‘हे आम्ही किती दिवस सोसायचं?’” सशाने वाचलं.

“किती दिवस म्हणतोस तू?” म्हाताऱ्या गव्याने विचारलं.

ससा गोंधळला. पत्रावळीवर उत्तर नव्हतं. असल्या सवालांना उत्तर द्यायचं नसतं हे गुरुजींनी झोपण्यापूर्वी मला सांगितलं होतं, पण गव्याला कुणी सांगितलं नव्हतं.

मग साळिंदर उठलं. “‘पाणी हेच जीवन. गेल्या वर्षीची गोष्ट. माझी म्हातारी आजी, एका पायाने लंगडी...’”

अस्वलाने डोळे पुसायचे थांबवले.

“थांब रे,” गवा म्हणाला. “तुझीही आजी लंगडी? आणि तीही त्याच दिवशी निघाली? मग दोघी बरोबरच निघाल्या असतील, एकमेकींना धरून.”

सगळं रान हसलं. साळिंदराचे काटे उभे राहिले आणि ते माझ्याकडे वळून बघू लागलं, म्हणून मी मोहाच्या खोडाआड थोडा सरकलो.

“पुढच्या आठवड्यात या दोघे,” गवा म्हणाला, “आपापली आजी घेऊन. बैठक उठली. उद्या नेहमीच्याच वाटेने.” आणि तो उठून उभा राहिला. कळपही उठला.

टिटवीची पाळी अजून राहिली होती. ती पंख पसरून त्याच्या पुढ्यात आली. पत्रावळीकडे तिने एकदा पाहिलं आणि ती खाली ठेवून दिली.

“माझी आजी लंगडी नव्हती,” ती म्हणाली. “कशी होती तेही मला माहीत नाही. आजोबा, मी लिहिलेलं वाचत नाही, दोन शब्द बोलते.”

गवा थांबला. “बोल.”

“काल सकाळी तुमचा कळप आमच्या मुरमावरून गेला. मी ओरडत होते. तुम्हाला ऐकू आलं नसेल. पाण्याचा वास लागला की कान बंद होतात, माझेही होतात. एक खूर माझ्या अंड्यांच्या शेजारी पडला, इतका जवळ.” तिने चोचीने मातीत दोन रेघा ओढून दाखवल्या. “तिथे खळगा झाला आणि एक अंडं घरंगळून त्या खळग्यात गेलं. मला ते बाहेर काढता येत नाही, चोच पुरत नाही. म्हणून कालपासून मी तीन अंडी पोटाखाली घेते आणि चौथ्यावर एक पंख पसरते. तुमच्यात जनावर आपल्याच जुन्या ठशावर खूर ठेवून चालतं, हे मी नेहमी बघते. उद्या पुन्हा त्याच वाटेने आलात तर खूर त्याच खळग्यात पडणार.”

“कुणाचा खूर होता?” गव्याने विचारलं.

“ते मी सांगणार नाही,” टिटवी म्हणाली. “मला बारा दिवस हवेत. खालची दगडी वाट आहे, तिने लांब पडतं, ठाऊक आहे मला. बारा दिवसच.”

तेव्हा मला एक गंमत दिसली. अख्खा कळप मान खाली घालून आपापल्या पायांकडे पाहत होता. एका गाईने उजवा पाय हळूच उचलला आणि तो कुठे टेकावा हे तिला कळेना. म्हाताऱ्या गव्यानेही आपल्या खुराकडे पाहिलं, बराच वेळ पाहिलं.

“दगडी वाटेने जायचं,” तो म्हणाला. “बारा नको, वीस दिवस. पिल्लांना पळायला यायला हवं.”

चारही अंडी फुटली. खळग्यातलं सगळ्यांत शेवटी, आणि ते पिल्लू बाहेर निघायला अर्धा दिवस धडपडलं. मी लांबून पाहिलं. लांबूनच, टिटवीची तशी अट होती. ससा मात्र मला पुढे महिनाभर टोमणे मारत होता. “कोल्होबा, माझ्या आजीचा एक पाय मोडलात तो मोडलात, साळिंदराच्या आजीला तरी धड ठेवायचं होतं.”

त्यानंतर पत्रावळ लिहून घ्यायला माझ्याकडे कुणी आलं नाही. आपलं आपण वाकडंतिकडं खरडू लागले सगळे, आणि त्या वाकड्या पत्रावळी ऐकत बसण्यात मला जी मजा आली ती माझ्या सुविचारांत कधी आली नव्हती. आता गवे पलीकडच्या रानात गेले, शिंपी पक्ष्याला दिसत नाही. तळ्याच्या काठी मी आणि टिटवी, दोघं म्हातारी, ऊन खात बसतो. परवा ही सगळी गोष्ट मी तिला शेवटच्या ओळीसकट वाचून दाखवली.

तात्पर्य : दुसऱ्याला पटवायचं असेल तर आपल्या अंगावरून गेलेली गोष्ट सांगावी; उसन्या गोष्टीने डोळे भरतात, वाट बदलत नाही.

टिटवीने एक पाय पोटाशी घेतला आणि ती म्हणाली, “कोल्होबा, हीसुद्धा माझीच गोष्ट की. तुमच्या अंगावरून काय गेलं, ते कधी लिहिणार?”