खारीच्या बाळाचं दुपटं

दुपारी बरोबर तीन वाजून दहा मिनिटांनी हे सगळं सुरू झालं. जंगलाच्या कडेच्या शाळेत मधल्या सुट्टीची घंटा तेव्हाच होते, म्हणून वेळ पक्की ठाऊक. त्या जंगलात, आंब्याच्या एका ढोलीत, एक खार राहत असे. तिचं पिल्लू नऊ दिवसांचं, अंगावर अजून लवसुद्धा फुटली नव्हती. घंटा वाजत होती तेवढ्यात एका माकडानं ढोलीत हात घातला आणि पिल्लाचं सगळं अंथरूण ओढून नेलं. पिल्लू कोपऱ्यात सरकलेलं होतं म्हणून वाचलं. पण बाळांनो, दिवस थंडीचे. सूर्य डोंगराआड गेला की उघड्या लाकडावर ते पिल्लू काकडून जाणार, हे खारीला कुणी सांगायला नको होतं. तिच्याकडे ओढ्यावर सापडलेल्या जुन्या धोतराच्या चार चिंध्या होत्या, धुऊन धुऊन अगदी मऊसूत झालेल्या. चिंध्या जोडायच्या, दुहेरी करायच्या, धावदोरा मारायचा, की झालं दुपटं. तासाभराचं काम. फक्त सुई नव्हती. ती मागायला खार साळिंदराकडे गेली, आणि तिथेच चुकली.

साळिंदरबाईंनी पाठीवरचा एक काटा काढून दिला खरा, पण त्याच्यामागून स्वतःही आल्या आणि आंब्याखाली ऐसपैस बसल्या. "नुसत्या चिंध्यांचं पहिलं दुपटं? आपल्यात असं चालत नाही गं. तीन घरची चिंधी लागते, त्याशिवाय बाळाला लोकांची माया लागत नाही." खारीला वाटलं, आपल्यामुळे बाळाला काही कमी पडलं तर? तिनं मान डोलावली. साळिंदरबाईंनी नवंकोरं, खळीचं कडक कापड दिलं. कावळीनं जरीचा काठ आणला. मुंगसाच्या बायकोनं घोंगडीचा तुकडा आणला आणि म्हणाली, "असली ऊब तुला गावात मिळायची नाही, वहिनी." तिघींनीही घरातलं चांगल्यातलं चांगलं दिलं होतं, त्यामुळे खारीला नाही म्हणता येईना. तिनं सगळं जोडलं. तेव्हा कावळी फांदीवरून वाकून म्हणाली, "काठ पायाशी लावलास? म्हणजे बाळानं माझ्या जरीला लाथा मारायच्या होय?" खारीनं टाके उसवले, काठ वर घेतला. "माझं कापड खालच्या अंगाला गेलं," साळिंदरबाई म्हणाल्या, "नवं कापड का कुणी खाली घालतं?" पुन्हा उसवलं. "आणि घोंगडी आत दडवलीस. दिली कुणी ते कळणार कसं?" मुंगशीण म्हणाली. पुन्हा उसवलं. तिकडे उघड्या ढोलीत पिल्लाचं नाक गार पडत चाललं होतं, आणि इकडे खार दातांनी दोरा तोडत होती, पुन्हा ओवत होती, आणि मनातल्या मनात तिघींना नाही नाही ते बोलत होती. तोंडानं मात्र म्हणत होती, "हो काकू. बरं आत्या. करते ना."

शाळा सुटल्याची घंटा झाली तेव्हा दुपटं तयार झालं. चांगलं जाडजूड, झगझगीत. तिघींनी माना हलवल्या. खारीनं पिल्लाला त्यात गुंडाळलं. पिल्लू असं किंचाळायला लागलं की पोपट उडाले. "दृष्ट लागली," कावळी म्हणाली. "भूक असेल," मुंगशीण म्हणाली. साळिंदरबाई म्हणाल्या, "रडू दे. रडल्यानं छाती भरते." खारीनं दुपटं उलगडून पाहिलं. इवल्याशा पोटावर जरीनं लाल रेघा उमटल्या होत्या, घोंगडीनं पाठीवर पुरळ उठलं होतं आणि खळीच्या कडेनं मान घासली होती. ऊन आंब्याच्या शेंड्यावर गेलं होतं. तिनं दुपट्याची एक कड दातात धरली आणि टराटरा सगळं उसवून टाकलं. "अगं अगं, काय करतेस हे?" तिघी एकदम म्हणाल्या. खारीनं मान वर केली नाही. धोतराच्या चार चिंध्या तेवढ्या वेगळ्या काढल्या, एकीला एक लावल्या, दुहेरी केल्या आणि लांब लांब टाके घालत सुटली. कडा मुडपल्या नाहीत, कोपरे जुळवले नाहीत, एका जागी दोरा संपला तर तिथे नुसती गाठ मारली.

सूर्य डोंगराला टेकला तेव्हा पिल्लू दुपट्यात होतं. दोन हुंदके दिले, मूठ तोंडात घातली आणि झोपलं. मग खारीनं तिन्ही कापडं नीट घडी करून जिची तिला दिली. "तुमचा मान मोठा आहे, काकू. पण याचं अंग लहान आहे." कावळी म्हणाली, "मग बारशाला आम्हाला बोलावू नकोस," आणि काठ चोचीत धरून निघून गेली. मुंगशीण घोंगडी घेऊन तिच्या पाठोपाठ गेली. साळिंदरबाई मात्र उठता उठता ढोलीत डोकावल्या आणि बराच वेळ पाहत राहिल्या. "टाका वाकडा आलाय," त्या म्हणाल्या.

"वाकडा तर वाकडा, आत्या," खार म्हणाली. "हळू बोला. झोपलंय ते."

तात्पर्य : बाळासाठी काही करताना आधी बाळाला काय सोसेल ते पाहावं, देणाऱ्यांचा मान मग सांभाळावा, तो राहिला तरी चालेल. तुमच्या आळीत कुणी ओली बाळंतीण दुपटं शिवायला बसली असेल आणि तिच्याभोवती चौघीजणी जमल्या असतील, तर एवढं तिच्या कानावर घाला. आणि जमलं तर त्या चौघींच्याही.