मंजिरीचे थंड प्लग

पहाटेच्या धुक्यात गगनबावड्याचा घाट अजून झोपेतच होता. मंजिरी मात्र आपल्या छोट्या गाडीला टेकून, डोळे मिटून, आजच्या शर्यतीचं एकेक वळण मनातच घेत होती. इंजिनाची ताकद तिनं वाढवली होती, म्हणून त्यात उष्णता चटकन बाहेर टाकणारे ‘थंड’ स्पार्क प्लग बसवले होते.

शर्यतीचे प्रमुख सर्जेराव गरजले, “थंड प्लगनं कुठं आग पेटते व्हय? जुने घाल, नाहीतर गाडी सुटणार नाही!” आणि त्यांनी वाफाळता चहा बशीत ओतला.

“आबा, बशीत कशाला?”

“तोंड पोळतंय की!”

“मग इंजिनाचं पोळू दे होय? आग तीच आहे आबा, मी तिला फक्त बशी दिलीय.”

सर्जेरावांचा भुरका ओठांशीच थांबला. थोड्या वेळानं धुक्यात मंजिरीच्या गाडीपुढं हिरवा झेंडा हलला.