सशाची एकादशी

एकदा एका कापसाच्या व्यापाऱ्याच्या घरी एक ससा संतपदाला पोहोचला.

ससा व्यापाऱ्याच्या आईचा. माईंना सारे गाव मानीत असे, कारण त्यांची एकही एकादशी कधी चुकली नव्हती. पती गेल्यावर त्यांना घर खायला उठू लागले, तेव्हा मुलाने हा पांढरा ससा आणून दिला. माईंनी त्याचे नाव कापशा ठेवले आणि जे जे गोड ते ते त्याला भरवले. खजूर झाला, केळे झाले, राजगिऱ्याचा लाडू झाला. गवत मात्र त्याच्या वाट्याला क्वचितच येई. घरच्या लाडक्याला गवत कसले घालायचे, असे माईंना अगदी प्रामाणिकपणे वाटे.

त्या एकादशीला कापशाने कशालाच तोंड लावले नाही. "उपास धरलाय गं बाई यानं!" माईंनी शेजारणीला सांगितले आणि दुपारपर्यंत ओसरी माणसांनी भरली. ससा अंग आखडून, डोळे अर्धे मिटून बसला होता. लोक म्हणाले, ध्यान लागले. त्याच्या दातांचा बारीक करकर आवाज येत होता. लोक म्हणाले, जप चालू आहे. हनुवटी ओली दिसली, तेव्हा हे भक्तीचे अश्रू असल्याचा निर्वाळा एका वयस्क गृहस्थांनी दिला. डोळे कोरडे असताना हनुवटी कशी भिजली, हे मात्र कुणी विचारले नाही. द्वादशीला माईंनी पारण्याचा घास पुढे केला, तोही त्याने नाकारला. मग काय विचारता! व्यापाऱ्याने त्याच्यासाठी चौरंग मांडला.

घरात अस्वस्थ होती ती एकटी व्यापाऱ्याची बायको, गोदा. सशाची जागा रोज तीच झाडत असे. "सासूबाई, कालपासून इथं झाडायला जवळजवळ काहीच नाही. मला याचं लक्षण बरं दिसत नाही," ती म्हणाली.

"बरंच आहे की! जागा पवित्र राहिली," माई म्हणाल्या. थोड्या वेळाने गोदा पुन्हा तेच सांगायला गेली, तर माईंनी तिला पाहुण्यांच्या पाण्याकडे पिटाळले. तिने मग कुणाला न विचारता पलीकडच्या आळीतल्या वृद्ध पशुवैद्यांना निरोप धाडला.

वैद्य आपल्या शिष्यासह आले. शिष्याने आल्या आल्या सशापुढे हात जोडले. गुरूंनी जोडले नाहीत. त्यांनी सशाकडे एकवार निरखून पाहिले आणि विचारले, "दोन दिवसांचा केर कुठं टाकलाय?" मग ते थेट परसातल्या उकिरड्यापाशी जाऊन उकिडवे बसले आणि काडीने केर उसकटू लागले. लोक कुजबुजले. शिष्याला मेल्याहून मेल्यासारखे झाले.

वैद्य परतले ते तळहातावर दोन लेंड्या घेऊन. मोहरीपेक्षा जराशा मोठ्या आणि खडखडीत वाळलेल्या.

"माई, हा उपास नाही. याचं पोट थांबलंय. तुमची भक्ती आणखी एक दिवस चालली असती, तर हा हाती लागला नसता."

माई सशाकडे धावल्या. "मीच मारलं का हो त्याला?"

"अजून आहे तो. आधी ही गर्दी घालवा."

त्यांनी सशाचे पोट हलक्या हाताने चाचपले. ते फुगून टणक झालेले नव्हते, म्हणून आशेला जागा होती. जबडा उघडून पाहिला, तर एका दाढेचे टोक वाढून जिभेत रुतले होते. लाळ गळत होती ती त्यामुळे, आणि दात करकरत होते ते वेदनेने. वैद्यांनी ते टोक जपून घासून काढले. मग अंगाला ऊब, थेंबथेंब पाणी, कुटलेल्या ताज्या गवताचा पातळ रस आणि पोटावरून हलका हात, असे चालू राहिले. गोदाने त्याला मांडीवरून खाली ठेवले नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी कापशा चार पावले चालला आणि त्याने पाच लेंड्या टाकल्या. वैद्यांनी त्या एका पानावर घेतल्या, ते पान रिकाम्या चौरंगावर ठेवले आणि डोळे मिटून हात जोडले.

शिष्याला राहवले नाही. "गुरुजी, काल सारं गाव हात जोडत होतं तेव्हा आपण जोडले नाहीत. आणि आज लेंडीला जोडता?"

"बाळा, काल तो हात जोडण्यासारखा नव्हता, हात लावण्यासारखा होता," गुरू म्हणाले. "रानात ज्याचं दुखणं दिसतं त्याला कोल्हा आधी उचलतो. म्हणून सशाची जात दुखणं लपवते. आत काय चाललंय ते तो चेहऱ्यावर सहसा दाखवत नाही. त्यानं खाल्लं किती आणि टाकलं किती, ते पाहावं. अर्धा दिवस जरी त्यानं तोंड फिरवलं, तरी वैद्याला हाक मारावी. त्याचे दात जन्मभर वाढतात, ते गवतानं झिजतात, लाडवानं नव्हे. आता राहिली ही लेंडी. रोज शंभरावर पडतात आणि आपण त्या लोटून देतो. सारं ठीक चाललंय हे सांगायला निसर्ग ढोल वाजवत नाही, एवढंच पाठवतो. त्याचे आभार कुणीतरी मानायला नकोत? आज मी मानले."

माईंचे डोळे भरून आले. त्या वैद्यांच्या पायांशी वाकू लागल्या, तसे वैद्य मागे सरले. "माझ्या नको, माई. मी काल आलो. तुमच्या घरात रोज पाहणारं कुणी आहे, म्हणून हा वाचला."

माईंनी वळून सुनेकडे पाहिले. गोदाचे केस विस्कटले होते, पदराला गवताचे तुसे चिकटले होते. आजवर माईंनी तिच्या हातच्या प्रत्येक वरणात मिठाची चूक काढली होती.

"गोदे," त्या म्हणाल्या, "तू दोनदा सांगितलंस, मी दोनदा ऐकलं नाही. फार उपकार झाले गं तुझे." मग जरा थांबून त्यांनी विचारले, "दोन दिवसांत तू काही खाल्लंस का?"

दोन दिवस न रडलेल्या गोदाला त्या एका प्रश्नाने रडू कोसळले. तिने नुसती मान हलवली, नाही म्हणून.

माईंनी पदर खोचला आणि कित्येक वर्षांनी, सुनेसाठी भात टाकायला स्वयंपाकघरात गेल्या.