खडावांचा आवाज

खट्, खट्. खडावांचा तो आवाज बोधिसत्त्वाने लहानपणी ऐकला आणि जन्मभर तो विसरला नाही. पूर्वी शिरीषनगरात राजा दृढसेन राज्य करीत होता, आणि त्या जन्मी बोधिसत्त्व एका सुताराच्या घरी वाढत होता. तिथली रीत अशी, की राजाच्या खडावा वाजल्या की सगळ्यांनी मान खाली घालायची. बापाचा हात थांबायचा, हनुवटी छातीला टेकायची. राजाचा चेहरा नगरात कोणी पाहिलेला नव्हता.

पुढे राजा निपुत्रिक वारला. नव्या राजासाठी खडावा करवून घ्यायला अमात्य सुताराच्या दारी आले. तोवर बोधिसत्त्वच घरचा सुतार झाला होता.

"मी करणार नाही," तो म्हणाला. "जो घालील त्याच्यापुढे आपण पुन्हा वाकू. त्यापेक्षा वडाखाली बसू आणि सगळे मिळून ठरवू."

लोकांना पटले. जुन्या खडावा त्यांनी आपल्या हाताने चुलीत घातल्या.

वर्ष गेले. तळ्याच्या पाण्यावरून वाद निघाला, तेव्हा बोधिसत्त्व वडाकडे आला. तो अनवाणीच होता. पण पायाखाली पाचोळा वाजला आणि साऱ्या माना खाली गेल्या. कुंतक कुंभाराचीही गेली. हा त्याचा बाळमित्र, परवापर्यंत 'काय रे भुश्या' म्हणून हाक मारणारा.

"पाणी कोणाला द्यायचे, स्वामी?" कुंतकाने जमिनीकडे पाहत विचारले.

"स्वामी? अरे, भुश्या म्हण."

"आता ते शोभत नाही."

"मग मान तरी वर कर."

"आज्ञा असेल तर करतो."

इतक्या माणसांत बोधिसत्त्वाला कधी इतके एकटे वाटले नव्हते. त्याने जाणले, की खडावा जळल्या, पण मानेची सवय जळली नाही. मी इथे थांबलो तर नवा राजा मीच. तो तसाच वळला आणि अरण्याची वाट धरली. कोणी पाहिले नाही, कारण माना खालीच होत्या.

पुष्कळ वर्षांनी एक मीठविक्या त्याच्या झोपडीशी पाणी प्यायला थांबला. "शिरीषनगर फार भांडकुदळ हो! पाण्याच्या पाळीसाठी चार-चार दिवस वाद घालतात, डोळ्यांत डोळे घालून."

बोधिसत्त्व हसला. मीठविक्या गेल्यावर ते हसू दाखवायला कोणी नव्हते.

ही गोष्ट सांगून शास्ता, म्हणजे भगवान बुद्ध, म्हणाले, "भिक्षूंनो, तेव्हाचे नगरजन म्हणजे तुम्ही, आणि तो सुतार मीच होतो. हाती आलेले सोडून निघून जाणे, हीच नैष्क्रम्य पारमिता. आणि कुंतक म्हणजे दाराशी बसलेला हा म्हातारा भिक्षू."

म्हाताऱ्याने मान वर केली. क्षणभर शास्त्यांच्या डोळ्यांत पाहिले. मग उठला आणि आज्ञा न विचारता निघून गेला.