चांदीच्या पट्ट्यांची बासरी

एका गावात एक नियम होता. बासरी घेताना ती आधी फुंकून पाहायची नाही. आणि हा नियम का आहे, ते विचारायचं नाही.

हे गाव आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावर होतं. समोर समुद्र, मागे मेंढ्या. गावात वाऱ्याला तोटा नव्हता आणि उपदेश करणाऱ्या म्हाताऱ्यांनाही नव्हता. संध्याकाळी सगळे नाचघरात जमत. वादक गोल करून बसत. कुणाकडे व्हायोलिन असे, कुणाकडे आडवी लाकडी बासरी. बासरी काळ्या, जड लाकडाची, सहा भोकांची. ते वाजवू लागले की बाकीचे नाचत. या गोलाला गाव बैठक म्हणे. बैठकीत बसायला मिळणं हा गावातला सगळ्यात मोठा मान होता.

बैठकीत बसायचं तर बासरी बैठकीचीच लागे. नाचघराच्या भिंतीत शेकोटी होती, शेकोटीच्या वर फळी होती आणि फळीवर पूर्वजांच्या बासऱ्या मांडलेल्या होत्या. गावातली ती सगळ्यात मानाची जागा. दर वसंतात नव्या मुलांना त्यातली एकेक बासरी मिळे. कुणाला कुठली, हे बैठकीचे प्रमुख फिन्टन आजोबा ठरवत. प्रत्येक बासरीवर चांदीचे पट्टे होते, कुठे एक, कुठे जास्त. जितके पट्टे जास्त, तितकी बासरी थोर, असं गाव मानत असे.

ओर्ला नावाच्या मुलीने लहानपणी एकदा विचारलं होतं, "पण वाजते कशी, हे न बघताच घ्यायची?"

"आपण बासरी निवडत नाही, पोरी. बासरी आपल्याला निवडते," फिन्टन आजोबा म्हणाले होते.

सगळ्यांनी माना डोलावल्या. अशा वाक्यांवर माना डोलावणं फार सोपं असतं. ओर्लाने मात्र मान डोलावली नाही, कारण तिला उत्तर मिळालं नव्हतं.

ओर्लाच्या आईचं नाव मेव. तरुणपणी मेवलाही बासरी मिळाली होती, दोन पट्ट्यांची. सगळं गाव तिच्याकडे बघत होतं. सहाही भोकं बंद करून फुंकलं की बासरीचा सगळ्यात खालचा सूर निघायला हवा. पोटातून आल्यासारखा, जाड, पायाखालच्या फळ्यांना जाणवणारा. मेवने फुंकलं आणि फुस्स झालं. पुन्हा फुंकलं, पुन्हा फुस्स.

"हिचा श्वास दुबळा आहे," फिन्टन आजोबांनी निर्णय दिला.

झालं. मेवने ती बासरी मेंढ्यांच्या गोठ्यात, न धुतलेल्या लोकरीच्या टोपलीत फेकली आणि नाचघरात पाव भाजायचं काम घेतलं. तेव्हापासून येता-जाता कुणीतरी विचारायचंच, "काय मेव, आज पाव फुगलाय का? की तुझ्या श्वासासारखा बसलाय?"

मेव हसायची. ओर्लाला त्या हसण्याचाच सगळ्यात जास्त राग यायचा.

खरं म्हणजे खालचा सूर त्या गावात कुणालाच लागत नव्हता. मग बाकीचे वादक त्या जागी आले की उडी मारून वरचा सूर घेत; मेवने तेवढं केलं नव्हतं. शेजारच्या गावचे नाचणारे म्हणत, "तुमची चाल छान आहे, पण तिला पायच नाहीत." यावर म्हातारे म्हणत, "ही आमच्या गावची ढब आहे. त्यांना काय कळतंय?"

ओर्ला मोठी झाली. त्या वसंतात तिलाही बासरी मिळणार होती. निवडीच्या आदल्या दिवशी ती लोकर धुवायला गोठ्यात गेली आणि कोपऱ्यातली, वर्षानुवर्षं न हललेली टोपली उपडी केली, तर तळातून आईची बासरी घरंगळत आली. लोकरीच्या तुपकट ओलाव्याने ती चमकत होती. ओर्लाने ती झग्याला पुसली. सहा भोकं बंद केली. फुंकर घातली.

असा सूर आला की रवंथ करणाऱ्या मेंढीने मान वर केली.

मेव कणकेच्या हातांनी धावत आली. "कुणी वाजवलं?"

"मी. तुझीच बासरी आहे. तू वाजवून बघ."

"छे! मला नाही येत."

"बघ तरी."

मेवने कणकेच्या बोटांनीच भोकं झाकली आणि फुंकर घातली. खालचा सूर निघाला. तो विझेपर्यंत ती ऐकत राहिली. मग पुन्हा फुंकर घातली. पुन्हा तोच सूर. मग ती लोकरीच्या ढिगावर बसली.

"पण तेव्हा तर येत नव्हता," ती म्हणाली.

ओर्लाने बासरी उजेडात फिरवली. दोन्ही पट्ट्यांच्या खालून केसाएवढी बारीक रेघ गेली होती. रेघ आता मिटलेली होती.

"ही चीर आहे, आई. शेकोटीवर ठेवून ठेवून लाकूड सुकलं आणि तडकलं. तू फुंकायचीस तेव्हा वारा चिरेतून निघून जायचा. इथे ओलाव्यात, लोकरीच्या तेलात लाकूड पुन्हा फुगलं आणि चीर बंद झाली. तुझा श्वास दुबळा नव्हताच कधी. बासरी फुटकी होती."

मेवने बोटांना लागलेली कणीक पुसली. मग म्हणाली, "जाऊ दे गं. झालं ते झालं."

"जाऊ दे? तुला आयुष्यभर पावावरून चिडवलं त्यांनी!"

"उद्या तुझी निवड आहे. तुला बैठकीत बसायचंय ना? मग तोंड बंद ठेव. मोठ्यांना उलट विचारून कुणाचं भलं झालंय?"

ओर्लाला बैठकीत बसायचंच होतं. तिला दुसरं काही नकोच होतं. बासरी हातात नसली तरी तिची बोटं चुलीजवळ, शेतात, अंथरुणात चालूच असायची.

दुसऱ्या दिवशी नाचघर भरलं. मेवने मोठ्या टेबलावर पावांसाठी पीठ काढलं होतं. शेकोटी धगधगत होती. आधी शेजारच्या उनाचं नाव पुकारलं. उना लहानखुरी, लाजाळू. तिला एका पट्ट्याची बासरी मिळाली. तिने ती घेतली, वाकून नमस्कार केला आणि फुंकलं.

फुस्स.

"श्वास कमी पडतोय," फिन्टन आजोबा म्हणाले. "वरचा सूर घे. होईल सवय."

"मेवचा पाव खाऊ नकोस हं, नाहीतर तिच्यासारखी होशील!" मागून कुणीतरी ओरडलं. सगळे हसले. मेवही हसली. उनाचे कान लाल झाले.

ओर्लाने आईचं हसणं पाहिलं आणि उनाचे कान पाहिले. आदल्या दिवशी आईला तिने काहीच वचन दिलं नव्हतं, हे बरं झालं.

"ओर्ला," फिन्टन आजोबांनी हाक मारली. त्यांच्या हातात चार पट्ट्यांची बासरी होती. नाचघरात कुजबुज उठली. "ही आजवर कुणालाच दिली नव्हती. तुझी बोटं मी पाहिली आहेत. घे."

"आधी फुंकून बघते," ओर्ला म्हणाली.

तिने बासरी हातात घेतली.

"फुंकायचं नसतं," आजोबा म्हणाले.

"का?"

"का, ते विचारायचं नसतं."

"ते तरी का विचारायचं नसतं?"

मागे एकदोघं फिसकन हसले. पुढच्या बाकावर काळी शाल पांघरून बसलेल्या बिडी आजी उसळल्या, "अगं कार्टे, जीभ आवर! आम्ही घेतल्या तेव्हा विचारलं का कुणी?"

"नाही विचारलंत. म्हणून तर आज ही पाळी आली."

ओर्लाने टेबलावरचं मूठभर पीठ उचललं आणि चारही पट्ट्यांवर भुरभुरलं. बासरीचं खालचं तोंड गुडघ्यावर दाबलं, सहाही भोकं बोटांनी झाकली, फुंकायचं भोक ओठांनी बंद केलं आणि सगळा जीव लावून फुंकलं. वाऱ्याला बाहेर पडायला वाट उरली नव्हती. तरीही पट्ट्यांच्या कडांखालून पीठ भसाभस उडालं आणि बिडी आजींच्या काळ्या शालीवर जाऊन बसलं.

"हे बघा," ओर्ला म्हणाली. "बासरी थोर आहे म्हणून पट्टे बसवलेले नाहीत. ती फुटली आहे म्हणून बसवलेत. जितके पट्टे जास्त, तितकी चीर लांब."

"पीठ हलकंच असतं," फिन्टन आजोबा म्हणाले. "उडणारच."

"मग तुम्ही वाजवून दाखवा. सगळ्यात खालचा सूर."

"आमच्या गावात तो सूर वाजवत नाहीत."

"वाजवत नाहीत, की वाजत नाही?"

ओर्लाने झग्याच्या खिशातून आईची बासरी काढली आणि गावातली रोजची नाचाची चाल धरली. जिथे सगळे उडी मारून वर जात, तिथे ती खाली उतरली. सूर फळ्यांतून पसरला. बाकांवर बसलेल्यांच्या टाचांना तो लागला. चालीला पाय फुटले. बिडी आजींची मान हलायला लागली. फिन्टन आजोबांच्या पायाने आपोआप ताल धरला. त्यांनी दोन्ही हातांनी गुडघा दाबला आणि पाय थांबवला.

चाल संपली तसे ते उठले आणि ओर्लाचा दंड धरून तिला शेकोटीजवळ घेऊन गेले. बाकीच्यांना ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाले, "तुझा कान चांगला आहे, पोरी. आईची बासरी घेऊन बस बैठकीत. आजच बस. माझ्या शेजारच्या खुर्चीवर. फक्त पट्ट्यांचं पुन्हा बोलू नकोस. उनाला आणि इतरांना जी मिळते ती मिळू दे."

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं."

"यातले निम्मे पट्टे मीच बसवलेत." त्यांनी शेकोटीकडे बघत सांगितलं. "माझ्या गुरूंनी मला शिकवलं, त्यांच्या गुरूंनी त्यांना. पूर्वजांच्या बासऱ्या फुटक्या आहेत असं कसं सांगायचं लोकांना? बैठकीचा मान काय राहिला असता?"

"बासरी फुटकी म्हणवलं नाही, म्हणून माझ्या आईला फुटकी ठरवलंत?"

"हळू बोल."

"आणि फळीवरून खाली का नाही काढल्या? शेकोटीची झळ लागते म्हणून फुटतात, एवढं कळत होतं ना?"

"ती मानाची जागा आहे."

ओर्लाने बैठकीकडे पाहिलं. फिन्टन आजोबांच्या शेजारची खुर्ची रिकामी होती. लहानपणापासून झोपताना ती मनाने त्याच खुर्चीत बसलेली असायची. चार पावलं चालायची आणि बसायचं. बाकी काही करायचं नाही. फक्त गप्प राहायचं. उनाच्या कानांकडे बघायचं नाही. पावावरून कुणी हसलं की आपणही हसायचं.

तिने दंड सोडवून घेतला आणि वळून सगळ्यांकडे तोंड केलं.

"फिन्टन आजोबा मला बैठकीत घ्यायला तयार आहेत," ती मोठ्याने म्हणाली. "अट एवढीच, की मी गप्प बसायचं. या बासऱ्या फुटक्या आहेत हे त्यांना माहीत आहे. निम्मे पट्टे त्यांनी स्वतः बसवलेत. आत्ता मला सांगितलं."

"ओर्ला!" बिडी आजी ओरडल्या. "मोठ्यांची अब्रू अशी चव्हाट्यावर आणतात?"

"माझ्या आईची आणली तेव्हा तुम्ही कुठे होतात, बिडी आजी? याच बाकावर होतात. हसत होतात."

मेव टेबलाशी उभी होती. तिचे हात पिठात होते. ती या वेळी हसत नव्हती आणि ओर्लाला गप्प बस असंही म्हणत नव्हती.

ओर्लाने चार पट्ट्यांची बासरी फिन्टन आजोबांच्या पायाशी ठेवली.

"ही मी घेणार नाही. आणि ती खुर्चीही घेणार नाही. या गावातल्या प्रत्येक मुलाला बासरी फुंकून बघायला मिळेल, त्या दिवशी मी बैठकीत बसेन. आणि त्याआधी तुम्ही माझ्या आईसमोर, सगळ्यांच्या देखत म्हणायचं की तिचा श्वास दुबळा नव्हता. तोवर तुमचा मान तुमच्या फळीवर ठेवा. सुकू दे."

उना उठली. तिने आपली एका पट्ट्याची बासरी चार पट्ट्यांच्या बासरीशेजारी ठेवली आणि ओर्लाजवळ येऊन उभी राहिली.

नाचघरातल्या सगळ्या माना फिन्टन आजोबांकडे वळल्या. बिडी आजी शालीवरचं पीठ झटकत होत्या, त्यांचा हात थांबला. बाकावरचे म्हातारे तेवढे जमिनीकडे बघत होते. फिन्टन आजोबांनी मेवकडे पाहिलं. तोंड उघडलं.

त्यातून साधं फुस्सही बाहेर आलं नाही.

तात्पर्य: जे तपासून बघायला मनाई असते, ते बहुतेक वेळा फुटकं असतं, वस्तूचा दोष माणसाच्या माथी मारणाऱ्यांना, ते वयाने कितीही मोठे असले तरी, भर सभेत जाब विचारावा, आणि गप्प राहण्याच्या बदल्यात मिळणारी खुर्ची कधीही घेऊ नये.