गावाचं विरजण

एका गावात एक गवळण होती, आणि सगळ्या गावाचं विरजण तिच्या मडक्यात असे. कुणीही यावं, चमचाभर न्यावं. रीत एवढीच, की बाजाराच्या दिवशी प्रत्येकाने आपलं दही पारावर आणायचं, सगळ्यांनी चाखायचं आणि जे सरस लागेल ते त्या मडक्यात मिसळायचं. असं करत करत गावचं दही सुरीने कापावं इतकं घट्ट आणि गोड झालं होतं.

पुढे शहरातला एक हलवाई आला. त्यानेही चमचाभर विरजण नेलं आणि श्रीखंड करून आपल्या नावाने विकू लागला. झालं, गावात ठिणगी पडली. वरची आळी म्हणाली, "जो विकतो त्याला द्यायचं नाही." खालची आळी म्हणाली, "त्याने नेलं म्हणून आपलं काही कमी झालं का?" दह्यावरून निघालेलं भांडण पागोट्याचा शेमला कुठल्या बाजूला सोडावा इथपर्यंत गेलं. दोन्ही आळ्यांमधून विस्तव जाईना.

गवळण वरच्या आळीची. तिला हलवायाचा राग होताच, पण त्याची बाजू घेणाऱ्या खालच्या आळीतल्या कुंभारणीचा त्याहून जास्त, कारण ती तिची जिवाभावाची मैत्रीण. तिने मडक्यावर झाकण ठेवलं. "खालच्या आळीने आपलं आपण बघावं," म्हणाली. पारावरचं चाखणंही बंद पडलं.

त्या उन्हाळ्यात तिच्या दह्याला तार सुटली, वास येऊ लागला. वरच्या आळीत सगळ्यांचं विरजण त्याच मडक्यातलं, त्यामुळे घरोघरी तीच गत. सासूने विश्वासाने सोपवलेलं विरजण आपल्या हातून बुडालं, या विचाराने गवळणीला रडू फुटलं. शेवटी पदराआड वाटी धरून ती कुंभारणीच्या दारात गेली.

कुंभारणीने आधी बसायला पाट दिला, मग वाटी भरली. "आमचंही मागे असंच बिघडलं होतं गं. हे हलवायाकडून परत आणलंय. चालेल ना तुला?"

गवळणीने वाटी जवळ ओढली. मग तिने बोटाने चाखलं. सासूच्या हातची चव जशीच्या तशी होती.

"चालेल," ती म्हणाली. "पण तो विकतो ते मला अजून पटत नाही."

"नको पटू दे. दही तर लाव."

सकाळी दही छान घट्ट लागलं. वरच्या आळीतल्या बायका वाट्या घेऊन आल्या आणि हे विरजण कुठलं म्हणून विचारू लागल्या. काहीबाही सांगून वेळ मारून नेता आली असती.

"हलवायाकडचं," गवळण म्हणाली, "आणि मला दिलं कुंभारणीने. जिला नको असेल तिने रिकामी वाटी न्यावी."

दोघीतिघी नाक मुरडून गेल्या आणि दुपारी परत आल्या.

बाजाराच्या दिवशी पारावर पुन्हा चाखणं सुरू झालं. हलवायालाही निरोप गेला, की न्यायचं असेल तर आपलं दहीही चाखायला आणायचं. तो मुकाट्याने घेऊन आला. वाद काही मिटला नाही, त्या दिवशीही जुंपलाच. पण कुणाचा आवाज चढला की गवळण त्याच्या हातावर दही ठेवायची आणि म्हणायची, "आधी चाख, मग भांड."

तात्पर्य: मतं खुशाल वेगळी असावीत, पण सगळ्यांनी मिळून वाढवलेल्या गोष्टीवर झाकण ठेवू नये, ती दुसऱ्याकडे जगली तरच आपल्याकडे परत येते.